भापकर सरांचे सात फोल्डर

रंगनाथ भापकर हा माणूस बावीस वर्षं एकाच वाक्यावर जगला. "मी नसलो तर प्रोग्राम उठत नाही." कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी, कुणाच्या लग्नाच्या पंगतीत, शेजारच्याच्या ताटात भात पडायच्या आत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं असायचं. त्यात खोटं काही नव्हतं. प्रोग्राम आपल्याशिवाय उठूच नये, याची तजवीज त्यांनी स्वतःच करून ठेवली होती, एवढंच.

श्रीगोंद्याच्या खाली, घोड नदीच्या अंगाला आमचा साखर कारखाना. इथं कुणाचा ऊस कधी तोडायचा, याला देवाच्या खालोखाल महत्त्व आहे. तोडणीची पाळी वेळेवर आली तर ऊस काट्यावर वजनात भरतो. मार्चात ढकलली गेली तर उभ्या उभ्या आतून पोकळ पडतो आणि शेत पुढच्या पिकाला मोकळं होत नाही. ही पाळी ठरवायची ती लावणीच्या तारखेवरून, आणि ठरवतो तो प्रोग्राम. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर नियम थोडे बदलतात, म्हणून तो नव्यानं बांधावा लागतो. माणसानं लिहिलेल्या मूळ फाइली ठरावीक क्रमानं एकत्र आल्या की चालणारा प्रोग्राम तयार होतो. आमच्याकडे याला 'बिल्ड मारणं' म्हणतात.

त्या मूळ फाइली तीनशे चाळीस होत्या, आणि सगळ्या एकाच फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव 'नवीन फोल्डर'. बावीस वर्षांत त्याला दुसरं नाव द्यावं असं सरांना वाटलं नाही. आत 'तोडणी', 'तोडणी नवी', 'तोडणी नवी खरी' आणि 'तोडणी नवी खरी रंगनाथ'. यातली कुठली घ्यायची आणि कुठली आधी, कुठली नंतर, हे एका जुन्या डायरीच्या शेवटच्या पानांवर त्यांच्या अक्षरात. डायरी कपाटात, कपाटाची किल्ली जानव्याला. बिल्डच्या दिवशी ते चप्पल दाराबाहेर काढत, यंत्राला उदबत्ती ओवाळत आणि आम्हाला बाहेर काढत. "एकाग्रता लागते," म्हणत. दोन तासांनी घाम पुसत दार उघडत. शेतकी विभागाचे लोक उठून उभे राहत.

मी त्याच खोलीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर होते. सूचना, हरकतींची उत्तरं, वार्षिक अहवाल. माझ्या खुर्चीतून सरांची पाठ दिसायची. कुणी दारात आलं की ती पाठ आधी ताठ व्हायची, मग सर मान वळवायचे. एमडी साहेब आले तर उलट. आधी मान, आणि पाठीचं तर हाडच नाहीसं व्हायचं.

यंदा ऑक्टोबरअखेर त्यांना अठ्ठावन्न पुरी होत होती. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ हवी होती. संचालक मंडळाची बैठक दिवाळीआधीच्या सोमवारी होती आणि त्यांच्या हातात सांगण्यासारखं एकच होतं, ते बावीस वर्षांचं वाक्य.

जूनमध्ये यशोधरा साळवे आली. नगरच्या कॉलेजातून कॉम्प्युटरची इंजिनियर, अकरा महिन्यांच्या करारावर. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पहिल्या दिवशी सरांनी तिला समोर उभं ठेवूनच विचारपूस केली.

"आडनाव?"

"साळवे."

"गाव?"

"पाथर्डी."

"पाथर्डीत कुठं?"

"स्टँडच्या मागं."

"तसं नाही गं. म्हणजे कोणत्या..."

"घर नंबर लिहून देऊ का सर? पत्र टाकायचंय?"

सर हसले. त्यांना हसावं लागलं, कारण मी मान वर केली होती. दुसऱ्या दिवसापासून ते घरून पाण्याची बाटली आणू लागले. खोलीतला माठ होता तिथंच होता. फक्त आता तो आम्हा बाकीच्यांचा झाला.

ऑगस्टमध्ये जुनं यंत्र दोन दिवस बंद पडलं आणि कार्यकारी संचालक, म्हणजे एमडी साहेब, काकासाहेब निमसे पहिल्यांदा आमच्या खोलीत बसले.

"भापकर, उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होतंय साहेब?"

"न होवो. पण यंत्राला तर झालंच ना? नवीन सर्व्हर घेतलाय. त्या फाइली नीट फोल्डरांत लावा आणि स्क्रिप्ट करा. कुणीही बटण दाबलं की प्रोग्राम तयार झाला पाहिजे."

स्क्रिप्ट म्हणजे डायरीतली ती शेवटची पानं यंत्राच्या भाषेत उतरवणं. कुठल्या फोल्डरातून काय घ्यायचं, आधी काय, नंतर काय. एकदा लिहिलं की यंत्र स्वतःच वाचतं आणि स्वतःच करतं. हे न कळण्याइतके सर मूर्ख नव्हते. 'कुणीही' हा शब्द त्यांच्या कानशिलापाशी थडथडताना मला मागून दिसला.

"हे काम यशोधराला द्या," साहेब म्हणाले.

"नको साहेब. लहान आहे अजून. मी स्वतः लावतो."

आणि त्यांनी लावलं. तीन आठवडे लावत होते. फाइली कशा विभागायच्या, याचा विचार त्यांनी कारखान्यात सगळंच जसं विभागतात तसा केला, गटवार. आमच्या कार्यक्षेत्राचे सात गट आहेत. सभेच्या खुर्च्या गटवार, दिवाळीची साखर गटवार, मोळीपूजनाला नारळ फोडायचा मानही गटवार. तेव्हा फोल्डरही सात. 'नदीकाठ गट', 'माळ गट', 'स्टेशन गट' आणि आणखी चार. तारखा वाचायची फाइल, नावांची फाइल, उसाच्या जातींची फाइल सगळ्यांना लागत होती. सरांनी प्रत्येकीच्या सात प्रती केल्या आणि एकेक गटाला वाटून टाकल्या, पेढ्यांचे पुडे वाटावेत तशा.

यशोधरानं पडद्याकडे पाहिलं. "सर, सगळ्यांना लागतात त्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवू. सामायिक. सगळे गट तिथून घेतील."

"सामायिक विहीर पाहिलीय का कधी?"

"पाहिलीय."

"मग? उपसतात सगळे. गाळ कोण काढतो?"

"फाइल आहे सर. उपसली तरी कमी होत नाही. सात प्रती केल्या, तर गाळ सात ठिकाणी काढावा लागेल."

"तुझं पुस्तक राहू दे," सर म्हणाले. "इथं माणसं ओळखावी लागतात. माळ गटाच्या माणसाला कळलं ना, की त्याची फाइल नदीकाठच्या फोल्डरात आहे, मोर्चा आणंल तो."

शेजारच्या टेबलावरचा ज्येष्ठ कारकून फिस्सकन हसला. सरांना टाळी मिळाल्यासारखं झालं. त्या दिवशी ते विहिरीचं वाक्य चार ठिकाणी सांगून आले. पुढं मला स्वतःचीच लाज वाटली, कारण ऐकताना मलाही ते वाक्य आवडलं होतं.

सप्टेंबरअखेर प्रात्यक्षिक झालं. नव्या सर्व्हरवर सरांनी साहेबांसमोर बटण दाबलं. स्क्रिप्ट म्हणजे एकच मजकूर सात वेळा उतरवलेला होता, फक्त गटाचं नाव बदललेलं. पण चालली. पडद्यावर ओळी धावल्या, सात गटांचे सात प्रोग्राम तयार झाले. साहेब "वा" म्हणाले. शेतकी अधिकारी "वा वा" म्हणाले. सरांनी बैठकीत सांगायचं वाक्य थोडं बदललं. "बावीस वर्षांचं काम शिस्तीत लावून दिलं."

नव्या सर्व्हरला मात्र एक खोड होती. तो तारीख आधी महिना, मग दिवस अशी वाचायचा. बारा सात, म्हणजे बारा जुलै, त्याच्या लेखी सात डिसेंबर. बारा तारखेच्या पुढच्या लावणीला काही होत नव्हतं, कारण तेरावा महिना नसतो हे त्यालाही माहीत होतं. त्यामुळे याद्यांतल्या अर्ध्याहून जास्त तारखा बरोबर दिसत आणि उरलेल्या खोट्या आहेत हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

लक्षात आलं ते सरांच्या मेहुण्याच्या. ज्ञानेश्वर त्यांचं नाव, ऊस नदीकाठ गटात. याद्या गटकार्यालयांत लागायच्या आधी ते खोलीत येऊन आपली पाळी बघून जायचे. त्यांची तेवढी सोय होती.

"दाजी, माझा बारा जुलैचा ऊस मार्चात?"

सरांनी चूक शोधली. हे मान्य केलं पाहिजे, एका तासात शोधली. नदीकाठ गटाच्या फोल्डरात जाऊन तारखेच्या फाइलीत दोन ओळी बदलल्या. मेहुण्यांची पाळी नोव्हेंबरात आली.

"बाकी सहा फोल्डरांत पण करायला लागेल ना सर?" यशोधरा म्हणाली.

"कुणाची तक्रार आहे का?"

"अजून याद्याच लागल्या नाहीत."

"मग? ज्याचा अर्ज, त्याची दुरुस्ती. न मागता दुरुस्त केलं की लोक विचारतात, म्हणजे आधी चूक होती का?"

यशोधरानं तीन ओळींची टिपणी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवली. सहा गटांत तारखा उलट्या वाचल्या जात आहेत. सरांनी तिच्यावर 'पाहिले' असं लिहून सही केली आणि ती माझ्याकडे फाइलला लावायला दिली. पाहिले. या एका शब्दावर आमच्या जिल्ह्यात माणसं निवृत्तीपर्यंत सुखरूप पोचतात.

याद्या लागल्या. बैठक सोमवारी. शुक्रवारी सकाळी गोजरबाई आल्या.

गोजरबाईंचं वय सत्तरीचं, बारा एकरांची मालकीण. लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात दोन कागद. कागदांच्या कोपऱ्यांना अजून खळ चिकटलेली होती. दोन गटकार्यालयांच्या भिंतींवरच्या याद्याच त्यांनी सोलून आणल्या होत्या.

"त्येचा फोटू काढून आनायचा आस्तो आजी," कारकून म्हणाला. "कागद न्हाई फाडायचा."

"लावा मंग परत. खळ हाय त्याला." त्या सरांसमोर बसल्या. "भापकर, माझं रान पानंदीच्या दोनी अंगाला हाय. व्हय का न्हाई?"

"आहे ना."

"अल्याड तुमचा नदीकाठ, पल्याड माळ. ऊस येकाच दिशी लावला. आठ जुलैला. बेनं येक, बैलं येक, बाया त्याच. दुपारची भाकर खाऊन पानंद वलांडली आन् पल्याड लावला. मंग अल्याडचा नवंबरात आन् पल्याडचा मार्चात कसा?"

यशोधरानं मान वर केली. आठ सात. सात ऑगस्ट. बहुतेकांची लावण जुलै-ऑगस्टातच, म्हणून एका महिन्याच्या फरकानं ऊस यादीत इतका खाली गेला होता.

सर म्हणाले, "गट वेगळे आहेत आजी. प्रत्येक गटाचा क्रम वेगळा असतो."

"क्रम येगळा. बरं. आन् ही तारीख? हितं आठ जुलै छापलंय, हितं सात आगस्ट. पानंद वलांडाया मला म्हयना लागला व्हय?"

खोलीत कुणीतरी हसलं.

"नोंद करणाऱ्यानं चुकवली असेल."

"नोंद करनारा माज्या वसरीत बसून च्या पिऊन गेला. दोनी वावरं येकाच कागदावर लिवली त्यानं." गोजरबाईंनी दुसरा कागद वर धरला. "तुमच्या मेव्हन्याचं बगितलं मी. त्याचं बराबर हाय. त्याची लई चांगली नोंद केली वाटतं."

काकासाहेब दारात कधी येऊन उभे राहिले होते, ते सरांना कळलं नाही. पाठ नेहमीची ताठ होती. मग मान वळली.

"ही काय भानगड?" साहेबांनी विचारलं.

"किरकोळ आहे साहेब. करून घेतो."

"यशोधरा?"

तिनं सांगितलं. सहा गटांत बारा तारखेच्या आत लावलेला जवळजवळ प्रत्येक ऊस चुकीच्या जागी गेला होता. कुणाचा खाली, कुणाचा वर. साहेबांनी विचारलं, आधी सांगितलं नाहीस? तिनं माझ्या टेबलाकडे पाहिलं. मी फाइल उघडून टिपणी पुढं केली. साहेबांनी 'पाहिले' वाचलं.

"भापकर, सोमवारी बैठकीत तुमचाच विषय आहे," साहेब म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत सातही याद्या बरोबर पाहिजेत."

गोजरबाई उठल्या. "मी उद्या येते. कागद भित्तीला लावून ठिवते तवर."

शनिवारी सर सातला आले. आम्हाला त्यांनी बाहेर काढलं नाही, तेवढं भान नव्हतं. त्यांना वाटत होतं नदीकाठची बरोबर फाइल उचलायची आणि सहा फोल्डरांत टाकायची, संपलं. पण गेल्या तीन आठवड्यांत अर्जानुसार दुरुस्त्या करत करत त्यांनी सातही प्रती सात वाटांना लावल्या होत्या. माळ गटाच्या फाइलीत खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाची, वेगळी मोजणी घातली होती, स्टेशन गटाच्या फाइलीत कुण्या संचालकाच्या सांगण्यावरून आणखी काही. नदीकाठची प्रत वर टाकली की ते सगळं पुसलं जायचं. परत आणायचं तर जुनं काय होतं हे आठवत नव्हतं. डायरीत फक्त जुन्या फोल्डरचा क्रम होता. साडेअकराला माळ गटाची यादी निघाली ती नावांशिवाय. तारखा, जाती, क्षेत्रं, आणि नावाच्या जागी पांढरी पट्टी. हजार माणसांचा ऊस होता, माणूस एकही नव्हता.

सर त्या पट्टीकडे बघत राहिले. बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा काहीतरी वाचताना पाहत होते.

"यशोधरा," ते म्हणाले. जूनपासून ती 'ए मॅडम' होती. "तू काहीतरी करून ठेवलं होतंस ना? सामायिकचं?"

"ठेवलंय सर."

"चालतं का?"

"रोज चालवून बघते."

तिच्या मांडणीत एक फोल्डर होता, त्यात तारखा, नावं, जाती, सगळ्यांना लागणारं सगळं एकदाच. दुसऱ्यात गटागटांचं जे खरंच वेगळं होतं तेवढंच, प्रत्येकी एक लहान फाइल. सरांनी केलेल्या दुरुस्त्याही ती रोज तारीखवार टिपून आपल्याकडे उतरवत होती, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. स्क्रिप्ट पाऊण पानाची. आधी सामायिक बांधायचं, मग एकेक गट. त्यात रंगनाथही नव्हता आणि यशोधराही नव्हती. तिनं ती चालवली. कॅन्टीनचा चहा आला होता, तो कोमट व्हायच्या आत सातही याद्या तयार होत्या. गोजरबाईंची दोन्ही वावरं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एकाखाली एक.

दुपारी आलेल्या गोजरबाईंनी यादीवर बोट ठेवून वाचून घेतलं. मग भापकर सरांकडे पाहिलं, यशोधराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आसं हाय व्हय." त्याहून जास्त त्यांनी कुणालाही दिलं नाही.

सोमवारी मंडळानं रंगनाथ भापकर यांना दोन वर्षांची मुदतवाढ दिली.

ठराव मला लिहावा लागला. 'संगणक विभागाची फेररचना यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन.' साहेबांनी तोंडी सांगितलं, मी लिहिलं. यादीची गडबड बाहेर गेली असती तर ती साहेबांच्याही अंगावर आली असती, आणि मंडळात दोघे संचालक नदीकाठचे होते, त्यांच्या गटाचं काही बिघडलंच नव्हतं. यशोधराचा करार पुढच्या मे महिन्यापर्यंत होता तसाच राहिला. मी ठरावाची स्वच्छ प्रत काढली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सरांना हवं होतं ते मिळालं होतं. खुर्ची, टेबल, दोन वर्षं. गव्हाणीत मोळी पडली, चिमणीतून धूर निघाला, मळीचा आंबूस वास कपड्यांत बसू लागला. हंगामात नियम दर दोन दिवसांनी बदलतात, तितक्यांदा प्रोग्राम नव्यानं बांधायचा. यशोधरा सकाळी येऊन बदल करायची, स्क्रिप्ट चालवायची, याद्या छापायची. शेतकीचे लोक तिच्या टेबलाशी येत आणि जात. सर नऊला येत, पेपर वाचत, यंत्राकडे बघत. कुणी दारात आलं की पाठ ताठ व्हायची, पण येणारा दुसऱ्या टेबलाकडे वळायचा.

आठवड्याभरानं ते तिच्या टेबलाशी उभे राहिले. बसले नाहीत.

"यशोधरा, त्याच्यात एखादी पायरी ठेव ना."

"कशात सर?"

"स्क्रिप्टमध्ये. माझ्यासाठी. म्हणजे तपासणी म्हणून. मोठं काही नको."

मी मान खाली घातली. माणसाची कीव यावी असा तो क्षण होता आणि मला आली नाही. बावीस वर्षं आम्हाला दाराबाहेर उभं करणारा माणूस आता दारातून आत यायला जागा मागत होता, तीही खालच्या आवाजात, मी ऐकू नये म्हणून.

"ठेवते," यशोधरा म्हणाली.

तिनं शेवटी एक ओळ वाढवली. सगळ्या याद्या तयार झाल्या, छापल्या गेल्या की पडद्यावर अक्षरं यायची, 'तपासणीसाठी थांबले आहे. पुढे जाण्यासाठी एन्टर दाबा.' सर चष्मा लावून येत. पडद्याकडे थोडा वेळ गंभीरपणे बघत. मग एन्टर दाबत. त्यानंतर काहीच होत नसे, पडद्यावरची खिडकी तेवढी बंद होई. जेवणाच्या सुट्टीत ते नव्या लोकांना सांगत, "आता सगळं आपोआप आहे. पण शेवटची मंजुरी माझी."

"हे कशाला केलंस?" मी तिला विचारलं.

"खर्च काय आहे? एक ओळ आहे."

तुळशीचं लग्न झाल्यावर सर पुतणीच्या लग्नाला शेवगावला गेले. चार दिवसांची रजा. दुसऱ्या दिवशी सकाळी यशोधराचा फोन वाजला. मांडवातला बँड मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता.

"आजचं कसं केलं गं?" सर ओरडून विचारत होते.

"थांबवून ठेवलंय सर."

"थांबेल ना ते तोवर?"

"थांबेल की."

"बरं. हात लावू देऊ नको कुणाला. मी आलो की लगेच दाबतो."

"हो सर."

तिनं फोन ठेवला आणि पुढच्या बदलाचा कागद ओढला. साडेनऊ वाजले होते. सातही गटांचे चिटबॉय, तोडणीच्या चिठ्ठ्या वाटणारी पोरं, याद्या घेऊन साडेसातलाच उसाच्या फडावर गेले होते.